कागदाची मागील बाजू

बाप्तिस्म्याचा दाखला धर्मग्रामाच्या कचेरीत मिळतो, गुणपत्रिका शाळा देते आणि शिधापत्रिकेवर सरकारचा शिक्का असतो. माणसाच्या आयुष्यातील बहुतेक कागद असे दुसऱ्याच्या हातचे असतात. बायोडाटा तेवढा ज्याचा त्याने लिहावयाचा, आणि म्हणूनच की काय, भल्याभल्यांना तो साधत नाही. आपल्या घरांतून मुलांना लहानपणापासून शिकविले जाते, की चारचौघांत स्वतःविषयी फार बोलू नये. पुढे बाविसाव्या वर्षी त्याच मुलापुढे आपण कोरा कागद ठेवतो आणि म्हणतो, 'लिही आता स्वतःविषयी!' मग तो बिचारा एक तर लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीसारखे सगळेच लिहून काढतो, नाही तर काहीच लिहीत नाही.

या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार फार मोठा नाही. अनुभव मात्र लांबलचक आहे. १९७९ साली आम्ही अंधेरीतील पंप तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कर्मचारी विभागात कारकून म्हणून लागलो आणि २०१४ साली त्याच विभागातून निवृत्त झालो. वसईहून सकाळची लोकल पकडावी, कसेबसे उभे राहून अंधेरी गाठावी आणि दिवसभर इतरांच्या आयुष्याचे कागद चाळीत बसावे, हा आमचा पस्तीस वर्षांचा नित्यक्रम. पूर्वी इंग्रजी वृत्तपत्रात जाहिरात आली, की आठ दिवसांत टपालाने मेज भरून जाई. एका जागेसाठी दोनशे-तीनशे अर्ज. टायपिंगच्या क्लासमधून टंकलिखित करून आणलेले, साक्षांकित प्रती जोडलेले, फादरांचा चारित्र्याचा दाखला टाचणीने अडकविलेले. त्यांतून साहेबांपुढे दहाच ठेवावयाचे. आम्ही मेजावर तीन ढीग करीत असू : 'बोलवावे', 'पाहू' आणि 'नको'. 'पाहू'च्या ढिगाकडे पुन्हा वळून पाहिल्याचे आम्हांला फारसे आठवत नाही.

एका अर्जाला आम्ही किती वेळ देत होतो? खरे सांगावयाचे तर चहाचा एक घोट घेण्यास लागतो तितका. पुढे आमच्या वाचनात आले, की 'द लॅडर्स' या अमेरिकेतील नोकरीविषयक संस्थेने २०१२ साली भरती अधिकाऱ्यांच्या नजरेचा माग घेणारी यंत्रे लावून पाहिले. अर्ज ठेवावा की टाकावा, हा पहिला निर्णय ते सुमारे सहा सेकंदांत करीत होते. २०१८ साली तीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हा अवधी ७.४ सेकंद भरला. तेवढ्या वेळात त्यांची नजर मुख्यत्वे नाव, आताचे व आधीचे पद, कंपनी, कामाच्या तारखा आणि शिक्षण यांवरून फिरत होती. हे वाचून तरुण वाचकांना संताप येईल. आम्हांला मात्र लाज वाटली आणि थोडा दिलासाही मिळाला. आमच्यासारखे आणखी पुष्कळ होते तर!

ही सगळी जुनी उजळणी करण्याचे कारण आमची भाची. २०२४ च्या जून महिन्यात, पावसाने झड धरली असताना, ती एके संध्याकाळी छत्री मिटीत ओसरीवर आली. हातात प्लॅस्टिकची फाईल होती. बसता बसता म्हणाली, "मामा, चाळीस ठिकाणी पाठवला. एकाचेही उत्तर नाही. नको म्हणाले असते, तरी चालले असते."

भाची वाणिज्य शाखेची पदवीधर. औषधांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका कंपनीत नऊ वर्षे हिशेबाचे काम तिने केले. जानेवारी २०१८ मध्ये तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. घरात दुसरे कोणी बाईमाणूस नाही. तिने राजीनामा दिला. पुढची सहा वर्षे तिने त्या माउलीला भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. २०२३ च्या नाताळापूर्वी सासूबाई देवाघरी गेल्या. दरम्यान नवऱ्याचा पगार करोनाच्या काळात जो कापला गेला, तो पूर्ववत झालाच नाही. थोरला मुलगा बारावी होऊन अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी खटपट करीत होता, धाकटी आठवीत. सोने गहाण ठेवण्याची भाषा घरात सुरू झाली होती. हे तिने सांगितले नाही; आमच्या बहिणीकडून आम्हांला कळले होते.

फाईल उघडली. मुलाने संगणकावर तयार करून दिलेला तीन पानांचा बायोडाटा होता. डाव्या बाजूस आकाशी रंगाचा पट्टा, त्यात कोणाच्या तरी लग्नातला फोटो. शेजारच्या बाईचा खांदा कापायचा राहून गेलेला. वरच्या बाजूस 'उद्दिष्ट' : आव्हानात्मक वातावरणात, नामांकित संस्थेत, स्वतःच्या व संस्थेच्या उत्कर्षासाठी काम करणे. हे वाक्य आम्ही नोकरीत असताना इतक्या वेळा वाचले आहे, की ते एकाच माणसाने लिहून साऱ्या मुंबईला वाटले असावे अशी आमची समजूत आहे. खाली गुणांपुढे तारे काढलेले. प्रामाणिकपणापुढे पाचांपैकी साडेचार.

"अर्धा तारा कोठे गेला?" आम्ही विचारले.

"सगळे पाच पाच दिले तर खोटे वाटेल, असे पोरगा म्हणाला," ती ओशाळून म्हणाली.

मग वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, पासपोर्टचा क्रमांक. छंदांमध्ये वाचन, संगीत, प्रवास. प्रवास कोणता, तर विरार ते चर्चगेट! नोकरीचा उल्लेख तिसऱ्या पानावर आला : 'हिशेब पाहणे, बिले पाहणे, करविषयक कामे पाहणे.' इतके सगळे पाहण्यात करणे कोठेच नव्हते.

आम्ही कागद मिटून ठेवला आणि तिला विचारले, "तू तेथे नेमके काय केलेस, ते मला सांग. कागदावरचे नको, तोंडाने सांग."

प्रथम ती अडखळली. मग बोलू लागली. १ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा तिच्या कंपनीचे सहाशेच्या आसपास औषध दुकानदार ग्राहक होते. प्रत्येकाचा नवा नोंदणी क्रमांक मागवावयाचा, शेकडो औषधांना कराचे नवे दर लावावयाचे, टॅलीमधील जुनी खाती नव्या पद्धतीवर आणावयाची. तिने आणि तिच्या एका सहकाऱ्याने मिळून ते काम दोन महिन्यांत उरकले. विवरणपत्रे वेळेत गेली, कंपनीला दंड भरावा लागला नाही. इतकेच नव्हे, तर घरी बसलेल्या सहा वर्षांत धर्मग्रामातील महिलांच्या चौदा बचत गटांचे हिशेब तिनेच ठेवले होते. सासूबाईंना झोप लागली, की रात्री दहानंतर ती वह्या घेऊन बसे.

"मग हे यात कोठे आहे?"

"त्यात काय सांगायचे, मामा? ते तर कामच होते. आणि बचत गटाचे काय, पगार थोडाच होता?"

त्या क्षणी आम्हांला चाळीस वर्षांपूर्वीचा एक कागद आठवला. ही गोष्ट आम्ही घरातही कोणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी भाचीला सांगितली. आज वाचकांनाही सांगतो.

१९८४ साल होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो पुढे रीतसर मिटलाच नाही. हजारो माणसे कायमची कामाबाहेर फेकली गेली होती. आमच्या कारखान्यात स्टोअरकीपरची जागा निघाली, तेव्हा गिरणगावातून कितीतरी अर्ज आले. त्यांत रेघी वहीतून फाडलेल्या पानावर निळ्या शाईने मराठीत लिहिलेला एक अर्ज होता. वर नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका. मग घरची माणसे किती, संपात काय हाल झाले, त्याची हकीकत. पान भरले होते. आम्ही ते चार ओळींपर्यंत वाचले आणि 'नको'च्या ढिगावर ठेवले. सुबक टंकलिखित अर्ज केलेला एक उमेदवार निवडला गेला. चार महिन्यांत तो दुसरीकडे निघून गेला. पुन्हा माणूस हवा म्हणून आम्ही जुनी फाईल काढली, तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने ते रेघी पान उलटले. मागील बाजूस लिहिले होते : गिरणीच्या स्टोअर खात्यात अकरा वर्षे काम, अकरा वर्षांच्या मालमोजणीत एकदाही तूट आलेली नाही, हवे असल्यास जुन्या साहेबांना विचारावे.

आम्ही त्याच दिवशी त्यांना पत्र टाकले. दहा-बारा दिवसांनी ते परत आले. 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा त्यावर होता. त्या माणसाचे पुढे काय झाले, ते आम्हांला कधीच कळले नाही.

दोष कोणाचा म्हणावा? आम्ही पान उलटले नाही, हा आमचा दोष, आणि तो आम्ही पदरात घेतो. पण त्या बापड्याला कोणी जवळच्याने एवढेच सांगितले असते, की 'दादा, मागचे पुढे घे,' तर कदाचित एका घरची चूल पेटती राहिली असती. गेल्या काही वर्षांत धर्मग्रामातील मुले कागद घेऊन आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही दुसरे काही शिकवीत नाही. मागचे पुढे घ्या, म्हणतो.

भाची बराच वेळ गप्प होती. आम्ही जेवणाच्या मेजाशी बसलो होतो आणि वर भिंतीवर, आपल्या बहुतेकांच्या घरी असते तसे, प्रभूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र होते. आम्ही तिला म्हटले, "हे चित्र ज्याने काढले, त्यानेही एकदा नोकरीसाठी अर्ज लिहिला होता."

ती गोष्ट खरी आहे. १४८२ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून एक पत्र रचले. त्याचा मसुदा आजही मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयात आहे. त्या पत्रात लिओनार्दो आपले कूळ किंवा गुरू यांचे गोडवे गात बसलेला नाही. इटलीतील राज्यांची आपापसांत युद्धे चालू होती आणि लुदोविकोला कशाची गरज आहे, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने एकेक मुद्दा मांडला : मला हलके, वाहून नेता येतील असे पूल बांधता येतात, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढता येते, तोफा करता येतात, आच्छादित रथ करता येतात. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका जागेहून दुसरीकडे नेईन. शिल्पकलेचा आणि चित्रकलेचा उल्लेख आला तो सर्वांत शेवटी. पुढे त्याच लुदोविकोच्या सांगण्यावरून, १४९५ ते १४९८ च्या सुमारास, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए येथील मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर त्याने हे चित्र रंगविले. ज्या कलेने त्याला अजरामर केले, ती त्याने अर्जात अखेरीस ठेवली. कारण वाचणाऱ्याला त्या वेळी पूल हवे होते.

"म्हणजे आपल्याला काय आवडते ते नाही, त्यांना काय लागते ते आधी," भाची म्हणाली.

"आणि जे खरे आहे तेच," आम्ही जोड दिली.

दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन आली. तो टंकलेखन करणार, आम्ही सांगणार, अशी वाटणी झाली. पानाचा वरचा तिसरा भाग हाच खरा बायोडाटा, असे धरून आम्ही चाललो. वर नाव, फोन, ईमेल आणि राहण्याचे ठिकाण. ईमेलच्या पत्त्यात मुलाने हौसेने 'क्वीन' हा शब्द घातला होता. तो काढून साधे नाव-आडनाव घेतले. 'उद्दिष्ट' पुसले आणि त्या जागी तीन ओळी आल्या : हिशेब विभागातील नऊ वर्षांचा अनुभव, टॅली, वस्तू व सेवा कर आणि बँक ताळमेळ यांचे काम, औषध व्यापाराची माहिती. त्याखाली काम, अलीकडचे आधी. 'पाहणे' हे क्रियापद आम्ही हद्दपार केले. कोणते काम, किती, किती दिवसांत आणि त्यातून काय झाले, एवढे प्रत्येक ओळीने सांगावे, असा नियम केला. सहाशे ग्राहकांची खाती, दोन महिने, दंड नाही, हे सर्व एका ओळीत मावले. ते काम दोघांनी मिळून केले होते. म्हणून 'सहकाऱ्यासह' हा शब्दही त्या ओळीत ठेवला.

वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक आणि 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र आम्ही काढून टाकले. सरकारी नोकरीचा नमुना ठरलेला असतो, तेथे मागतील ते द्यावे. खासगी कंपनीला पहिल्या भेटीत याची गरज नसते. तीन पानांचे दीड पान झाले.

आकाशी पट्टा काढताना मुलगा हळहळला. त्याला आम्ही समजाविले, की मोठ्या कंपन्यांत हल्ली अर्ज माणसाच्या आधी संगणकाची प्रणाली वाचते. ती मजकूर उचलून आपल्या रकान्यांत भरते. शेजारी शेजारी दोन स्तंभ, चौकटी, चित्रांत बसविलेली अक्षरे, हे सारे तिला नीट उचलता येतेच असे नाही. मग फोन नंबर एकीकडे आणि अनुभव भलतीकडे जातो. भरती करणारा पुढे त्या साठ्यात शब्द टाकून शोध घेतो. म्हणून जाहिरातीत 'बँक ताळमेळ' म्हटले असेल आणि ते काम आपल्याला येत असेल, तर तोच शब्द आपल्या कागदावर असावा. साधे ठळक मथळे, सरळ अक्षर, भोवती मोकळी जागा. थकलेल्या डोळ्यांना याहून मोठी सजावट लागत नाही.

सर्वांत मोठा वाद सहा वर्षांच्या रिकाम्या जागेवरून झाला. मुलगा म्हणाला, "आजोबा, तेथे 'स्वतंत्र हिशेब सल्लागार' असे लिहू. कोण विचारायला जाणार आहे?" भाची आमच्याकडे पाहू लागली. तिच्या डोळ्यांत होकार नव्हता, नकारही नव्हता. मुलाच्या फीची शेवटची तारीख होती. पोटाची गरज माणसाला अशा वळणावर आणून उभी करते, तेव्हा उपदेश करणे सोपे नसते. आम्ही व्यवहारच सांगितला. हल्ली पुष्कळ कंपन्या मागील नोकरीची पडताळणी करून घेतात. पण पडताळणी झाली नाही, तरी मुलाखतीत पहिला प्रश्न त्या सल्ल्याविषयीच येणार, आणि जिने आजवर एका पैशाचा हिशेब चुकविला नाही, तिला तेथे खोटे उत्तर शोधत बसावे लागणार.

भाचीने स्वतःच लिहिले : '२०१८ ते २०२३ : कुटुंबातील रुग्णाच्या शुश्रूषेसाठी नोकरीतून विश्रांती. याच काळात महिलांच्या चौदा बचत गटांचे हिशेब विनावेतन सांभाळले.' 'विश्रांती' हा शब्द तिने दोनदा वाचला आणि हसली. मग तो खोडून 'नोकरी थांबविली' असे केले. सहा वर्षांत तिला विश्रांती तेवढी मिळाली नव्हती.

शेवटी आम्ही तो कागद मोठ्याने वाचून घेतला, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका कानाला कळतात. फाईलला 'नवीन फायनल दोन' ऐवजी तिचे नाव आणि पद दिले. आणि तो चाळीस ठिकाणी एकदम न पाठविता, जाहिरात नीट वाचून बाराच ठिकाणी, प्रत्येक वेळी वरच्या तीन ओळी त्या जागेला जुळवून घेऊन पाठविला.

बारांपैकी दहांचे उत्तर आले नाही, हेही सांगितले पाहिजे. चांगला बायोडाटा म्हणजे चमत्कार नव्हे. दोघांनी बोलाविले. एकाने वय विचारून वाटेला लावले. दुसरी गोरेगावची, रुग्णालयांना साहित्य पुरविणारी लहानशी कंपनी. तेथील वयस्क व्यवस्थापकांनी कागद पुढ्यात ठेवला आणि बोट नेमके त्या सहा वर्षांवर ठेवले. भाचीने सर्व सांगितले. त्यांनी विचारले, "चौदा गटांच्या वह्या जुळत होत्या?" ती म्हणाली, "दर महिन्याला." सप्टेंबर २०२४ पासून तीन महिन्यांच्या परीक्षेवर तिला घेतले आणि पुढे कायम केले. पगार २०१८ साली सोडला त्याहून थोडा कमीच आहे. सोने मात्र घरातच राहिले आणि मुलाची पहिल्या वर्षाची फी भरली गेली.

परवा रविवारच्या मिस्सानंतर ती चर्चच्या आवारात भेटली. तिच्या हाताखाली एक मदतनीस घ्यावयाचा आहे आणि अर्ज निवडण्याचे काम व्यवस्थापकांनी तिच्यावरच सोपविले आहे. "मामा, एकशे दहा अर्ज आलेत," ती म्हणाली. "पहिल्या वीसांतच डोळे दुखायला लागले. तुमचे ते तीन ढीग आठवले."

आम्ही म्हटले, "ढीग कर. पण कागदाची मागील बाजू पाहत जा."

"मागील बाजू आता कोठे असते? संगणकावर पान खाली सरकवावे लागते."

"मग खाली सरकवीत जा," आम्ही म्हणालो.